पाटकऱ्याचा वाटा

एका विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे एक फाइल आली. फाइल पातळ होती, आत एकच टिपण होतं. ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या पदवीला जागा तीस, यंदा प्रवेश सहा. गेल्या वर्षी अकरा होते, त्याच्या आदल्या वर्षी चौदा. सबब हा अभ्यासक्रम येत्या जूनपासून बंद करावा. शुक्रवारी विद्या परिषदेची बैठक होती आणि ठराव बैठकीपुढे ठेवायला कुलगुरूंची सही हवी होती.

कुलगुरू मूळचे गणिताचे प्राध्यापक. चौदा, अकरा, सहा. या उताराचं पुढचं पद काय असेल, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलंही. पण कुठलंही दार लावण्याआधी आत कोणी राहिलं तर नाही ना, हे बघायची त्यांना लहानपणापासून सवय होती. म्हणून त्यांनी आधी चार माणसांना विचारायचं ठरवलं.

वित्त अधिकारी म्हणाले, "सर, सहा मुलांच्या फीमधून तासिकेवरच्या एका शिक्षकाचं मानधनसुद्धा निघत नाही." हे खरं होतं.

एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "आता सगळं मोबाइलवर मिळतं. पुस्तक शोधून द्यायला माणूस कशाला लागतो?" हे अर्धं खरं होतं.

अधिष्ठाता अभ्यासू गृहस्थ होते. ते म्हणाले, "जगातलं ग्रंथालयशास्त्राचं पहिलं विद्यालय मेल्व्हिल ड्यूई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात काढलं. पहिल्या तुकडीतल्या वीस जणांपैकी सतरा स्त्रिया होत्या. विश्वस्तांना ते रुचलं नाही आणि दोनच वर्षांत ड्यूईंना विद्यालय घेऊन ऑल्बनीला जावं लागलं. पुढे ते कोलंबियाला परत आलं, नावारूपाला आलं, आणि १९९२ साली त्याच कोलंबियानं ते बंद केलं. ज्यांच्याकडे सुरुवात झाली त्यांनीच दार लावलं, तर आपण कोण?" हेही खरं होतं.

चौथ्या होत्या विभागप्रमुख बाई. सव्वीस वर्षं शिकवत होत्या, निवृत्तीला तीन राहिली होती. त्यांनी निवेदन आणलं नव्हतं, की माजी विद्यार्थ्यांच्या सह्या आणल्या नव्हत्या. हातात फक्त एक जुनी दोनशे पानी वही होती.

"मॅडम, तुमच्या विभागाचं काय करावं?" कुलगुरूंनी विचारलं.

"सर, दोन पेपर आजच बंद करा," बाई म्हणाल्या. "मुलांकडून हातानं तालिकापत्रं लिहून घेण्यात मी अजून निम्मं सत्र घालवते. ती पत्रं ठेवायचे खणसुद्धा आता ग्रंथालयांनी भंगारात काढलेत. अभ्यास मंडळाची बैठक चार वर्षं झाली नाही, म्हणून जुनं तसंच चाललंय. मीही नेटानं मागे लागले नाही. ती चूक माझी आहे."

बंद होऊ घातलेल्या विभागाचा प्रमुख आपल्या उणिवा आधी सांगतो, असं कुलगुरूंनी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "आणि कोलंबियाचं काय?"

"त्यांनी बंद केलं, खरं आहे. पण न्यूयॉर्कमध्येच प्रॅट होतं, क्वीन्स कॉलेज होतं. हडसन ओलांडून गेलं की न्यू जर्सीत रटगर्स होतं. कोलंबियातलं दुर्मिळ ग्रंथांचं शिक्षण व्हर्जिनिया विद्यापीठानं नेलं, ग्रंथांच्या जतनाचं टेक्सासनं नेलं. एका घरची समई विझायच्या आत दुसऱ्या घरांनी आपल्या वाती पेटवून घेतल्या. आपल्या भागात असं दुसरं घर कुठलं आहे ते दाखवा सर. मी स्वतः मुलांना तिथे पोचवून येते."

कुलगुरू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण मुलं येत का नाहीत?"

बाईंनी वही उघडली. गेल्या वर्षी पास झालेल्या अकरा जणांची नावं होती आणि पुढे त्यांच्याच अक्षरात नोंदी. दोघी एका खासगी शाळेत, ग्रंथपाल म्हणून नेमलेल्या आणि ऑफिसात फीच्या पावत्या फाडणाऱ्या. एक जण भावाच्या मोबाइलच्या दुकानात. तिघं स्पर्धा परीक्षांच्या तयारीत. चौघींची लग्नं झाली, नोकरी नाही. अकरावा धुळे जिल्ह्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात.

"म्हणजे अकरांतला एकच ग्रंथपाल झाला."

"तो पदावर नाही सर. कामावर आहे."

बाईंनी वही मिटली. आणखी काही त्या बोलल्या नाहीत.

ते गाव कुलगुरूंच्या स्वतःच्या गावाच्या रस्त्यावरच होतं. दुसऱ्या दिवशी ते वडिलांना भेटायला निघाले आणि वाटेत तिथे उतरले. वाचनालय 'क' वर्गातलं, ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं, एक लांब बाकडं. बाकड्यावर पोलीस भरतीची पुस्तकं घेऊन बसलेली पोरं. टेबलाशी पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक मुलगा दाखल नोंदवहीत काही लिहीत होता. कुलगुरूंनी ओळख दिली नाही. वर्तमानपत्र उघडून ते बाकड्याच्या टोकाला बसले.

थोड्या वेळानं एक बाई आली. शेतातून थेट आलेली, पदरानं तोंड पुसत. म्हणाली, "भाऊ, साखरेचं पुस्तक आहे का रे?"

मुलगा उठून कपाटाकडे धावला नाही. त्यानं आधी तिला बसायला सांगितलं. मग विचारलं, "काकू, कारखान्याची साखर, का अंगातली?"

"अंगातली रे. तुझ्या काकांना निघाली. सरकारी दवाखान्यात गोळ्या दिल्या, पण खायचं काय, कोणी धड सांगत नाही."

"पुस्तक वाचणार कोण? तुम्ही का काका?"

"ते कुठलं वाचतात. पोरगी वाचून दाखवील. आठवीला आहे."

मुलानं कपाट उघडलं. त्या एका विषयावर चार पुस्तकं होती. त्यानं दोन काढली. एक जाडजूड, वैद्यकीय शब्दांनी भरलेलं. ते त्यानं लगेच परत ठेवलं. आठवीच्या मुलीला ते पेललं नसतं. दुसरं एका डॉक्टरनं सोप्या मराठीत लिहिलेलं, ठळक टाइपाचं, भाकरी-भाजीच्या हिशेबात पथ्य सांगणारं. ते त्यानं बाईच्या हातात दिलं. तेवढ्यात तिचं लक्ष कपाटातल्या तिसऱ्या पुस्तकाकडे गेलं. चकचकीत मुखपृष्ठ, वर मोठ्या अक्षरांत साखर मुळापासून जाईल असा दावा.

"ते दे ना. त्यात कायमची जाते म्हणतात."

"देतो काकू. वाचनालय तुमचंच आहे. पण त्या पुस्तकात गोळ्या बंद करा असं लिहिलंय, आणि लिहिणारा डॉक्टर नाही. आधी हे न्या. पोरीला म्हणावं पहिली वीस पानं वाच. आणि दवाखान्यातल्या सिस्टरला विचारल्याशिवाय काकांची गोळी थांबवू नका. मग आठ दिवसांनी या, तरी हवं वाटलं तर तेही नेऊन वाचा."

बाईनं पुस्तक पदराखाली घेतलं, नोंदवहीत अंगठ्याऐवजी सावकाश नाव लिहिलं आणि गेली. चार मिनिटांचं काम.

वाचकाला त्याचं पुस्तक भेटावं आणि पुस्तकाला त्याचा वाचक, असं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या सूत्रांत मांडलं. परीक्षेत ते पाच गुणांना विचारतात. मला वाटतं, ते सूत्र असं जिवंत झालेलं पाहायला प्रत्येक विद्या परिषदेनं वर्षातून एकदा गावच्या वाचनालयात जाऊन बसावं. त्या बाईच्या नवऱ्याची गोळी चालू राहिली, ती कुठल्याही अहवालात धरली जाणार नाही. मोबाइलमध्ये ती चारही पुस्तकं असतील, चाळीस असतील. पण चकचकीत पुस्तकच तिथे सगळ्यात वर असतं, आणि 'वाचणार कोण?' हा प्रश्न मोबाइल विचारत नाही.

कुलगुरू उठून टेबलाशी गेले. मुलानं त्यांना आता ओळखलं, पदवीदान समारंभात पाहिलं होतं. तो गडबडून उभा राहिला.

"कोणी शिकवलं तुला हे? कारखान्याची का अंगातली?"

"बाईंनी सर. वाचक पहिल्यांदा जे मागतो ते त्याला हवंच असतं असं नाही, म्हणून कपाटाकडे जायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. आमच्याकडून वर्गात करून घ्यायच्या. एकानं वाचक व्हायचं, एकानं ग्रंथपाल."

"मानधन किती मिळतं?"

त्यानं आकडा सांगितला. अनुदान आलं की मिळतं, असंही सांगितलं. तेवढ्या पैशांत कुलगुरूंच्या गाडीची टाकी एकदा भरली नसती. मग थोडा धीर करून मुलगाच म्हणाला, "सर, एक विचारू? आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायकांची पदं रिकामी आहेत म्हणतात. जाहिरात निघेल का? मी पास झाल्यापासून वाट बघतोय. यंदा नाही निघाली तर सुरतेला जाईन म्हणतो, मामा बोलावतोय."

कुलगुरू 'बघू' म्हणाले आणि जिना उतरले. गाडीत बसल्यावर त्यांना आठवलं, विद्यापीठात पूर्णवेळ ग्रंथपाल नाही. नऊ वर्षं एक प्राध्यापक प्रभारी म्हणून सह्या करतात. सहायकांची सहा पदं रिकामी. त्यातली तीन विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतली, भरायला कुणाची परवानगी लागत नव्हती. दरवर्षी यादी समोर येई आणि दरवर्षी ते लिहीत, 'पुढील वर्षी विचार करावा.' अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

संध्याकाळी ते घरी पोचले. त्यांचे वडील आबा ऐंशीच्या पुढचे, ओट्यावर बसलेले. आबा पाटकरी होते. पांझरेच्या काठची ती जुनी फड पद्धत. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखाली फड. अख्ख्या फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कुणी आपल्या हातानं आपल्या वावरात वळवायचं नाही. पाटकऱ्यानं पाट सांभाळायचा, बारेकऱ्यानं भरणं द्यायचं, जागल्यानं पिकाची राखण करायची. त्या बदल्यात सुगीला प्रत्येक घरातून त्यांचा धान्याचा वाटा. गावात शेतकरी दोनशे आणि पाटकरी एक. पण बंधाऱ्याजवळच्या पहिल्या वावराला जेवढं पाणी, तेवढंच शेवटच्या वावराला मिळालं, तर ते त्या एकामुळे.

जेवताना कुलगुरूंनी फाइलची गोष्ट सांगितली. सहा पोरं, तीस जागा. आबांना ग्रंथालयशास्त्र कळत नव्हतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "ती पोरं शिकून निघाली की त्यांना वाटा कोण देतं?"

"कोणी नाही देत, आबा."

आबा बराच वेळ भाकरी कुस्करत बसले. मग म्हणाले, "तुला आठवत नसेल, तू चौथीत होतास. गावात विहिरींवर इंजिनं आली. मोठे शेतकरी म्हणाले, आता पाटकऱ्याला कशाला पोसायचं? पहिल्या वर्षी माझा वाटा निम्मा केला. दुसऱ्या वर्षी म्हणाले, पुढल्या सुगीला देऊ. मी तरी दोन वर्षं पाट उपसला. मग मी थांबलो. तुम्हा पोरांना म्हटलं, शिका आणि निघा. पाटात गाळ साचला, गवत वाढलं. शेवटच्या वावरांचं पाणी तुटलं. ती वावरं गरिबांची होती, त्यांच्याकडे इंजिनं नव्हती. मग गावानं बैठक बोलावली. तिथे सगळे काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, हल्लीच्या पोरांना पाटकरी व्हायलाच नको, आता फड मोडलेला बरा."

ते पाणी प्याले.

"अरे, माणूस नव्हता म्हणून वाटा बंद झाला, का वाटा बंद झाला म्हणून माणूस नव्हता? एवढं कोणी विचारलं नाही. ज्यांनी वाटा बंद केला, तेच बैठकीत पुढे बसले होते."

त्या रात्री कुलगुरूंना झोप लागली नाही. चौदा, अकरा, सहा हा उतार त्यांनी मुलांच्या नावावर मांडला होता. आता त्यांनी दुसरी ओळ मांडली. विद्यापीठात आणि भोवतालच्या महाविद्यालयांत ग्रंथपालांची पदं किती होती, किती भरली, किती प्रभारींवर चालली. सकाळी त्यांनी कुलसचिवांना फोन करून दहा वर्षांचे आकडे मागवले. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या. वरची ओळ खालच्या ओळीच्या दोन-तीन वर्षं मागून उतरत होती. गणिताच्या माणसाला आणखी पुरावा नको होता. आकड्यांशी भांडू नये, असं ते विद्यार्थ्यांना नेहमी सांगत. आकडा कुणाबद्दल बोलतोय, हे मात्र त्यांनी स्वतः इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

शुक्रवारी बैठक भरली. ठराव वाचून झाला. कुलगुरू म्हणाले, "मतदानाआधी मला दोन जुन्या गोष्टी सांगायच्यात.

"बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. राज्यात सक्तीचं शिक्षण सुरू झालं होतं. शिकलेल्या माणसाला वाचायला काही नसेल तर तो काही वर्षांत अक्षर विसरतो. म्हणून गावोगाव वाचनालयं, जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या, असं काम उभं राहिलं. ते चालवायला माणसं लागणार होती, म्हणून १९११ साली तिथे ग्रंथपालांचा वर्ग निघाला. आपल्या देशातला तो पहिला. तिथे काम आधी होतं, वर्ग मागून आला.

"दुसरी गोष्ट मद्रासची. रंगनाथन माझ्यासारखे गणित शिकवणारे. १९२४ साली मद्रास विद्यापीठानं त्यांना ग्रंथपाल नेमलं, तेव्हा त्यांना ग्रंथालयातलं काही येत नव्हतं. त्या शांततेत ते इतके कंटाळले की परत कॉलेजात घ्या म्हणाले. त्यांना सांगितलं, आधी लंडनला जाऊन शिकून या, मग ठरवा. ते गेले, शिकले आणि परतले ते आयुष्यभरासाठी. पुढे पुस्तकांचं द्विबिंदू वर्गीकरण आलं, पाच सूत्रं आली, १९२९ पासून मद्रासला उन्हाळी वर्ग निघाला. पण विद्यापीठात ते पद निघालंच नसतं, तर रंगनाथन शेवटपर्यंत फळ्यावर समीकरणंच सोडवत राहिले असते.

"आपल्याकडे उलटं चाललंय. आपण वर्ग चालू ठेवला आणि काम बंद केलं. ग्रंथपालाच्या जागेवर नऊ वर्षं माणूस नाही. त्याच्या कागदावर माझी सही आहे. मुलं आली नाहीत, ती शहाणी म्हणून आली नाहीत. म्हणून मी आज हा ठराव मतदानाला ठेवत नाही. आधी आपल्या स्वतःच्या निधीतली तीन पदं भरायची. ग्रंथपालाचं पूर्णवेळ पद भरायचा प्रस्ताव शासनाकडे जाईल, त्याचा पाठपुरावा मी स्वतः करीन. अभ्यास मंडळ महिन्याभरात बसेल आणि जे शिळं आहे ते काढून टाकेल."

वित्त अधिकारी म्हणाले, "सर, पैसा कुठून?"

"यंदा प्रवेशद्वाराची कमान बांधायची होती ना? ती राहू दे."

अधिष्ठाता बराच वेळ विचारात होते. त्यांनी विचारलं, "आणि पदं भरूनही दोन वर्षांनी सहाच मुलं आली तर?"

प्रश्न रास्त होता. कुलगुरू म्हणाले, "तर बंद करायचा ठराव मी स्वतः मांडीन. तेव्हा तो प्रामाणिक असेल. आज नाही."

बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी वही उघडून काहीतरी लिहिलं.

जाहिरात पावसाळ्यात निघाली. तीन जागांना एकशे चाळीस अर्ज आले. मुलाखतीला गावचा तो मुलगाही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, बाईंची शिफारस न घेता. त्याची निवड झाली नाही. त्याच्याहून दोन परीक्षा जास्त पास झालेली नांदेडची एक मुलगी घेतली गेली, आणि ते योग्यच होतं. यादी पाहून तो एसटीनं परत निघाला. सुरतेच्या मामाला काय कळवायचं, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

गावात उतरला तेव्हा पाच वाजले होते. वाचनालय उघडायची वेळ झाली होती. जिन्यावर दोन मुली थांबलेल्या होत्या. एक तीच आठवीची, साखरेचं पुस्तक परत करायला आलेली. दुसरी तिची थोरली बहीण, नुकतीच बी.ए. झालेली. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, तीन जागांच्या जाहिरातीचं.

"दादा," ती म्हणाली, "ह्याला जे शिक्षण लागतं, त्याचे फॉर्म कधी निघतात?"

त्यानं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि तिला बसायला सांगितलं. मग त्यानं तीन प्रश्नांतला पहिला विचारला.